शंभरचं टाक

आपल्याकडे पंपावर कुणी लिटर मागत नाही. पंपावरचा पोरगा विचारतो, "किती टाकू, भाऊ?" आणि उत्तर ठरलेलं असतं, "शंभरचं टाक." कुणी पन्नासचं म्हणतं, पगार झालेला असेल तर दोनशेचं. फुल टाकी करणारा कुणी आला की पोरगा खात्री करायला दोनदा विचारतो. लिटर हे माप आपण कधी सोडून दिलं, यावर मी बरेच दिवस विचार करतोय. कारण लिटरमध्ये मागणाऱ्याला भाव वाढला की खिशातून जास्त पैसे काढावे लागतात, ते लगेच टोचतं. रुपयात मागणाऱ्याचे पैसे तेवढेच जातात. फक्त गाडी थोडी आधी रिझर्व्हला लागते.

आजची पोस्ट लांब आहे. पेट्रोल महागलं की आपण, म्हणजे आपल्यासारख्या गावातली माणसं, गेली पन्नास वर्षं काय काय करत आलो याची ही गोष्ट आहे. सरकार कुणाचं यावर भांडायचं असेल त्यांनी खुशाल भांडावं, पण यातून कुठलंच सरकार सुटत नाही हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात आपल्या परभणीपासूनच. "जगात जर्मनी, भारतात परभणी" ही म्हण आपण अभिमानाने आणि थोडी थट्टेनेही वापरतो. पेट्रोलच्या बाबतीत महाराष्ट्रापुरती ती अगदी खरी ठरली. सप्टेंबर २०१८ मध्ये पेट्रोलने नव्वदी गाठली ती मुंबईच्या आधी आपल्याकडे. मुंबईत शंभरी झाली २९ मे २०२१ ला. आपण ती आधीच पाहून बसलो होतो. त्या दिवसांत वाहिन्यांचे कॅमेरे आले, पंपावरच्या मशीनचे आकडे टिपले, दोन-चार मोटारसायकलवाल्यांना "काय वाटतं तुम्हाला?" म्हणून विचारलं आणि निघून गेले. परभणीच का, हे कुणी फारसं विचारलं नाही.

कारण साधं आहे. आपलं इंधन येतं मनमाडहून. मुंबईच्या माहुलमधल्या रिफायनरीपासून मनमाडपर्यंत पाइपलाइन आहे आणि मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. तिथून पुढे टँकर. मनमाड ते परभणी म्हणजे तीनशे किलोमीटरच्या आसपासचा पल्ला, आणि त्या टँकरचं भाडं आपल्या लिटरमध्ये धरलेलं असतं. म्हणजे टँकर आपल्यापर्यंत आणायला जे डिझेल जळतं, त्याचे पैसेही आपणच भरतो. ज्या जिल्ह्यात मोठा कारखाना नाही, जिथं कामासाठी रोज लांब जावं लागतं, तिथंच इंधन सगळ्यात महाग. मुंबईच्या माणसाला लोकल आहे. जिंतूरच्या, सेलूच्या, पालमच्या माणसाला काय आहे? असो, त्याकडे नंतर येतो.

आता पन्नास वर्षं मागं जाऊ.

ऑक्टोबर १९७३. इस्रायल आणि अरब देशांचं युद्ध पेटलं, अरब देशांनी तेल हत्यार म्हणून वापरलं. बॅरलला तीन डॉलरच्या आसपास असलेलं कच्चं तेल जानेवारी १९७४ पर्यंत बारा डॉलरच्या घरात गेलं. इंदिरा गांधींच्या सरकारने पेट्रोल आणि रॉकेलचे दर वाढवले. नोव्हेंबरमध्ये जनसंघाचे अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. तो फोटो तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिला असेल. पेट्रोल महागलं की दर वेळी कुणीतरी तो पाठवतंच, पक्षाप्रमाणे खालचा मजकूर तेवढा बदललेला असतो.

पण त्या वेळच्या मराठवाड्यात पेट्रोल होतं कुणाकडे? डॉक्टरकडे, ठेकेदाराकडे, सरकारी जीपला, आणि एखाद्या वकिलाच्या स्कूटरला. बाकी सगळा जिल्हा पायी, सायकलवर, बैलगाडीत नाहीतर एसटीत. १९७२ च्या दुष्काळातून माणसं नुकती कुठं सावरत होती. खडी फोडून आलेल्या माणसाला पेट्रोलच्या भावाशी काय देणंघेणं? त्याच्या घरात तेल म्हणजे रॉकेल. चिमणी, कंदील आणि वातीचा स्टोव्ह. भाववाढ कळायची ती रेशन दुकानापुढच्या रांगेत, हातातल्या डब्यावरून. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध बायकांचे लाटणे मोर्चे काढले, त्यात साखर आणि गोडेतेलाबरोबर रॉकेलही होतं. पेट्रोलसाठी लाटणं उगारावं, अशी तेव्हा कुठल्या बाईला गरजच पडली नव्हती.

हे लक्षात ठेवा. १९७३ मध्ये पेट्रोल ही साहेबाची वस्तू होती. पुढच्या चाळीस वर्षांत ती सालगड्याच्या पोराची गरज झाली. दरांच्या चर्चेत हा बदल कुठं दिसत नाही. अजूनही कुणीतरी म्हणतंच, "ज्याला परवडतं त्याने गाडी चालवावी."

सत्तरच्या दशकात सरकारने बरंच काही केलं. एस्सो, बर्मा शेल, कॅलटेक्स या परदेशी कंपन्या एकेक करून ताब्यात घेतल्या, त्यातूनच आजच्या एचपी आणि भारत पेट्रोलियम झाल्या. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजाने बॉम्बे हायला तेल शोधलं आणि १९७६ पासून ते निघू लागलं. पंपावरचा दर सरकार ठरवायचं आणि तो वर्षा-दोन वर्षांतून कधीतरी बदलायचा. बाहेर कितीही वर-खाली झालं तरी मधला धक्का सरकारी हिशेबात जिरायचा. १९७९ ला इराणमध्ये क्रांती झाली तेव्हा तेल तीस डॉलरच्या वर गेलं. इथं झळ बसली, पण हळूहळू. इंधन कसं वाचवावं हे शिकवायला १९७८ मध्ये पीसीआरए नावाची संस्थाही काढली. टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, सिग्नलला इंजिन बंद करा, ताशी पंचेचाळीस ते पंचावन्नच्या वेगाने चालवा. सल्ला योग्यच आहे. आमच्याकडे सिग्नल नव्हते आणि रस्ते असे की पंचेचाळीसच्या वर कुणाची छातीच होत नव्हती, त्यामुळे निम्म्या सूचना आपोआप पाळल्या जायच्या.

लोकांनी स्वतःचं उत्तर शोधलं ते गाडीत. इथं मला जरा रेंगाळायचंय.

१९७२ साली कायनेटिकची लूना आली, फिरोदियांची, अहमदनगरला बनलेली. पन्नास सीसीची, पायडल असलेली. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी जाता यायचं. हा गुण मला अजूनही कुठल्याच गाडीत सापडलेला नाही. पोस्टमन, विमा एजंट, दूधवाले, पेपरवाले, झेडपीचे मास्तर असे सगळे लूनावर आले. त्याच वर्षी बजाजची चेतकही आली, पण तिला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. चेतक मिळालेला माणूस आणि तिचं पेट्रोल संपत आलेला माणूस, दोघांनाही तुम्ही लांबून ओळखू शकत होता. दुसरा रस्त्याच्या कडेला स्कूटर एका अंगावर झुकवून उभा असायचा, म्हणजे टाकीच्या तळाशी उरलेलं पेट्रोल एका बाजूला येईल आणि पंपापर्यंत पोचता येईल. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक मराठी माणसाला ही कसरत येते. दोन्ही गाड्या टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यावं लागायचं आणि मागं निळा धूर निघायचा.

मग १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. फोर-स्ट्रोक, ऑइल मिसळायचं नाही आणि लिटरला ऐंशी किलोमीटरचा दावा. 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' ही तिची जाहिरात ज्यांना इंग्रजी येत नव्हतं त्यांनाही पाठ होती. मला विचाराल तर खेड्याचा नकाशा बदलणाऱ्या गोष्टींत धरण, वीज आणि एसटी यांच्यानंतर या गाडीचं नाव घ्यायला हवं. दूधवाल्याने दोन्ही बाजूंना कॅन अडकवले आणि तो एका गावाऐवजी चार गावांचं दूध गोळा करू लागला. मास्तर तालुक्याला राहून खेड्यातल्या शाळेत अपडाऊन करू लागले, आणि 'मुख्यालयी राहणे बंधनकारक' हा नियम कागदावर उरला. लग्नाच्या बोलणीत सायकल आणि घड्याळाची जागा हिरो होंडाने घेतली. आणि नवीन गाडी दारात आली की पेढा खाता खाता विचारायचा पहिला प्रश्न ठरला, "अ‍ॅव्हरेज किती देते?"

अ‍ॅव्हरेज हा आपला शब्द आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ सरासरी, आपल्याकडे त्याचा अर्थ लिटरला किती किलोमीटर. गाडीचा रंग, वेग, दिसणं सगळं नंतर. पुढे मोटारींच्या जाहिरातीतही 'कितना देती है' आलं. लोक हसले, पण भाववाढीशी झुंजायचं आपलं हे एकमेव हत्यार होतं. भाव आपल्या हातात नाही, अ‍ॅव्हरेज थोडंफार आहे.

गोची अशी झाली की या गाडीच्या भरवशावर आपण सगळं लांब लांब नेऊन ठेवलं. शाळा लांब, दवाखाना लांब, कॉलेज जिल्ह्याला, शेतातलं काम पंधरा-वीस किलोमीटरवर. गाडी आहे म्हणून अंतर चालतं, आणि अंतर आहे म्हणून गाडी लागतेच. बैल विकले, ट्रॅक्टर भाड्याने आला; म्हणजे नांगरटीचा भावही डिझेलला बांधला गेला. पूर्वी दुष्काळात बैलाला कडबा लागायचा आणि तो निदान शेजारच्या शिवारातून यायचा. आता तो आखातातून येतो.

ऑगस्ट १९९० मध्ये सद्दाम हुसेनचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं, तेव्हा हे पहिल्यांदा नीट कळलं. ऑक्टोबरमध्ये व्ही. पी. सिंह सरकारने 'गल्फ सरचार्ज' लावला, पंचवीस टक्के. पुढच्या वर्षी डॉ. मनमोहन सिंग यांच्या पहिल्या अर्थसंकल्पातही पेट्रोल पुन्हा महागलं. पण गरिबाचं म्हणून रॉकेल स्वस्तच ठेवलं होतं. त्यामागचा हेतू चांगला होता. त्याचं पुढे काय झालं ते आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं.

रिक्षावाले पेट्रोलवर इंजिन सुरू करून नंतर रॉकेलवर चालवू लागले. धूर डोळ्यांत जायचा, पण भाडं परवडायचं. ओमनीत घरगुती गॅसची टाकी बसवली जायची आणि ती भरून देणारी दुकानं गल्लीबोळात निघाली. गॅसवर गाडी चालवायला कायद्याने परवानगी मिळाली ती २००० नंतर, तोवर हा कारभार चोरूनच चालायचा. स्फोट व्हायचे, माणसं भाजायची, आणि आठ दिवसांत तेच दुकान शेजारच्या गल्लीत सुरू व्हायचं. काही लोकांनी बुलेटला डिझेलचं इंजिन बसवून घेतलं; तिचा धडधड आवाज शेजारच्या गावापर्यंत जायचा, पण चालवणारा समाधानी असायचा. ही सगळी भाववाढीशी जुळवून घेण्याचीच रूपं. हौस म्हणून कुणी पायाखाली गॅसची टाकी घेऊन बसत नाही.

आणि यातूनच मोठे मासे तयार झाले. रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिलेला असायचा, ओळखता यावं म्हणून. तरी ते टँकरच्या टँकर डिझेल-पेट्रोलमध्ये मिसळलं जात होतं. २०११ च्या सुरुवातीला रेशनचं रॉकेल बारा-तेरा रुपये लिटर होतं आणि डिझेल चाळीसच्या वर. या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत किती पैसा होता, ते २५ जानेवारी २०११ ला सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडकडून जात होते. पानेवाडीजवळ, म्हणजे जिथून आपलं पेट्रोल निघतं त्या डेपोंच्या परिसरात, त्यांना एका ढाब्यामागे भेसळ चाललेली दिसली. ते थांबले, मोबाइलवर चित्रीकरण करू लागले. त्यांना तिथंच जिवंत जाळलं. प्रजासत्ताक दिनाची आदली दुपार होती ती. राज्यभर सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं, छापे पडले, काही महिने पंपांवर तपासण्या झाल्या. नंतर गॅस घरोघर आला, रॉकेलचा कोटा आटत गेला आणि ती भेसळही कमी झाली. पण पेट्रोलच्या भावाचा इतिहास लिहायचा तर त्यात एका माणसाचा जीव गेला आहे, हे विसरून चालणार नाही.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो.

मी बातमीदारीत आलो त्या काळात एक बातमी ठरलेली असायची, 'मध्यरात्रीपासून पेट्रोल महागणार'. एप्रिल २००२ मध्ये सरकारने दर ठरवायची जुनी पद्धत कागदावर बंद केली, पण प्रत्यक्षात निर्णय दिल्लीतच व्हायचा. संध्याकाळी फ्लॅश यायचा आणि गावात धावपळ सुरू. रात्री अकरापर्यंत पंपावर रांगा. लूना, स्प्लेंडर, कॅन घेऊन आलेले शेतकरी. पंपवाला "मशीन बंद पडलं" म्हणायचा, कारण बाराच्या नंतर विकलं तर त्याला फरक मिळणार. त्यावरून बाचाबाची, मग पोलीस. दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षाचा मोर्चा, मोटारसायकल ढकलत नेण्याचं आंदोलन, तहसीलदारांना निवेदन. सत्ता बदलली की मोर्चा काढणारे आणि निवेदन घेताना हसणारे यांची अदलाबदल व्हायची, एवढंच. यातून भाव कमी व्हायचा असं नाही, पण वाढलाय हे सगळ्या गावाला एकाच रात्री कळायचं.

जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर बाजारावर सोडले. दिल्लीत तेव्हा लिटर ५१ रुपये ४३ पैशांना झालं; म्हणजे शंभराच्या नोटेत दोन लिटरला जेमतेम कमी. मे २०१२ मध्ये एका झटक्यात साडेसात रुपयांची वाढ झाली आणि ३१ मे ला भारत बंद. त्या दणक्याने सरकारही शहाणं झालं असावं. कारण जानेवारी २०१३ पासून डिझेलला नवा उपाय सुरू झाला, दर महिन्याला पन्नास पैशांच्या आसपास वाढ. पन्नास पैशांसाठी कोण मोर्चा काढणार? सप्टेंबर २०१३ मध्ये तेव्हाचे पेट्रोलियम मंत्री वीरप्पा मोईली यांनी रात्री पंप बंद ठेवायची कल्पना मांडली, लोक हसले, दुसऱ्या दिवशी ती मागं घेतली. पुढच्या महिन्यात ते स्वतः मेट्रोने कार्यालयात गेले, फोटो छापून आले. पण पन्नास पैशांचा उपाय मात्र चालू राहिला आणि ऑक्टोबर २०१४ पर्यंत डिझेलही मोकळं झालं.

मग १६ जून २०१७. त्या दिवसापासून देशभर दर रोज बदलू लागले. आज सात पैसे, उद्या बारा, परवा उणे तीन. माझी 'मध्यरात्रीपासून' ही बातमी त्या दिवशी मेली. पानाच्या कोपऱ्यात सोन्याच्या शेजारी एक छोटी चौकट उरली. रात्रीच्या रांगा संपल्या, कारण धावायचं कशासाठी? वाढ चालूच राहिली, पण ती घडल्याची एक अशी वेळच उरली नाही. मोर्च्याला तारीख लागते. रोज सहा वाजता बदलणाऱ्या दराला तारीख नसते. मला वाटतं, लिटर सोडून आपण रुपयात मागायला लागलो ते याच काळात पक्कं झालं. ज्याचा भाव उद्या काय असेल ठाऊक नाही, त्याचं माप कशाला धरायचं?

रोजचा बाजारभाव म्हणावा, तर तोही मधूनमधून थबकायचा. मे २०१८ मध्ये कर्नाटकची निवडणूक होती तेव्हा एकोणीस दिवस दर हलले नाहीत. उत्तर प्रदेशच्या निवडणुकीच्या आधी नोव्हेंबर २०२१ पासून १३७ दिवस हलले नाहीत. निकाल लागल्यावर २२ मार्च २०२२ पासून सोळा दिवसांत चौदा वेळा वाढले, मिळून दहा रुपये.

कराचंही बघा. २०१४ मध्ये केंद्राचं उत्पादन शुल्क पेट्रोलवर लिटरला ९ रुपये ४८ पैसे होतं. जानेवारी २०१६ पर्यंत कच्चं तेल तीस डॉलरच्या खाली आलं, पण स्वस्ताई आपल्यापर्यंत फार थोडी आली, मधल्या मधे शुल्क वाढत गेलं. मे २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये गाड्या दारात उभ्या असताना, एका रात्रीत पेट्रोलवर दहा आणि डिझेलवर तेरा रुपये चढवले आणि पेट्रोलवरचं शुल्क लिटरला तेहतीस रुपयांच्या घरात पोचलं. पंपावरचा दर त्या दिवशी बदलला नाही, म्हणून कुणाला कळलंही नाही. राज्याचं सांगू? १ ऑक्टोबर २०१५ पासून आपल्या मराठवाड्याच्या दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरला दोन रुपये अधिभार लावला. पुढे पाऊस आला, अधिभार गेला नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गालगतची दारूची दुकानं बंद झाली, महसूल बुडाला, तर पेट्रोलवरचा अधिभार आणखी वाढवला. दारू न पिणाऱ्या मास्तरांनी दारूची तूट लूनातून भरून काढली, असं आम्ही तेव्हा म्हणायचो.

सगळ्यात वाईट काळ मात्र २०२१-२२ चा हिवाळा आणि उन्हाळा. ऑक्टोबरच्या शेवटी एसटीचा संप सुरू झाला आणि तो एप्रिलपर्यंत चालला. कामगारांच्या मागण्या होत्या, त्यांच्या आत्महत्या झाल्या होत्या, त्यावर मी तेव्हा लिहिलं आहे. पण नेमक्या त्याच महिन्यांत पेट्रोलने उच्चांक गाठले. ६ एप्रिल २०२२ ला मुंबईत लिटर १२० रुपये ५१ पैसे, आपल्याकडे त्याहून दोन-तीन रुपये जास्त. बस बंद, काळीपिवळीवाल्याने भाडं वाढवलेलं, आणि दारात उभी गाडी प्यायला मागतेय.

हिशेब करून बघा. कामावर जायला वीस किलोमीटर, यायला वीस. गाडी पन्नासचं अ‍ॅव्हरेज देते. म्हणजे रोज आठशे मिली, एकशेवीसच्या भावाने ९६ रुपये. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला २५६ रुपये. म्हणजे मजुरीचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग नुसता जाण्या-येण्यात. म्हणून तेव्हा रस्त्यावर ट्रिपलसीट इतके दिसायचे. पोलीस पावती फाडायचे तेव्हा पोरं म्हणायची, "साहेब, तिघांत एक लिटर आहे." कॉलेजच्या पोरींचं तर वर्षच बुडालं, पोराला बापाची गाडी मिळाली, पोरीला "बस सुरू झाली की जा" असं सांगितलं गेलं.

मे २०२२ मध्ये केंद्राने शुल्क कमी केलं, जुलैत राज्याने पाच रुपये कमी केले, मार्च २०२४ मध्ये लोकसभेच्या तोंडावर आणखी दोन. कमी झालेलं कुणी नाकारत नाही. पण एकदा बदललेली राहणी परत जुनी झाली नाही. अपडाऊनवाले मास्तर चौघं मिळून एक गाडी करतात आणि पेट्रोलचा हिशेब महिन्याच्या शेवटी भिशीसारखा मिटवतात. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्ध तिकीट झालं, तेव्हापासून बाजाराला, दवाखान्याला, बँकेत घरातली बाईच जाते आणि गाडी घरी उभी राहते. योजना ज्यासाठी काढली ते वेगळं, पण आमच्या भागात तिने पेट्रोल फार वाचवलं. सीमेवरचे लोक तर पूर्वीपासून शेजारच्या राज्यात जाऊन टाकी भरतात. गोव्यात पर्रीकरांनी २०१२ मध्ये पेट्रोलवरचा कर जवळपास काढून टाकला, तेव्हा सिंधुदुर्गातल्या लोकांची चंगळ झाली. परभणीला कुठल्याच राज्याची सीमा नाही.

आणि आता आपल्या त्या एकमेव हत्याराकडे, अ‍ॅव्हरेजकडे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलंय. उसाला भाव मिळतो, कारखान्याला पैसा मिळतो, परदेशी चलन वाचतं, हे सगळं खरं असेल. आपल्याकडेही ऊसवाले आहेत, ते खूश आहेत. पण नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की जुन्या दुचाकींचं मायलेज तीन-चार टक्क्यांनी घटू शकतं. म्हणजे पन्नास देणारी गाडी अठ्ठेचाळीसवर. लिटरचा भाव त्या प्रमाणात उतरवलेला नाही. मेकॅनिककडे गाडी घेऊन जाणारे म्हणतात, "अ‍ॅव्हरेज पडलंय, बघ जरा." तो प्लग साफ करतो, कार्बोरेटर खोलतो, शे-दीडशे घेतो. त्यालाही ठाऊक असतं की दोष गाडीत नाही.

तांड्यावर आणि वाडीवर तर पंपच नाही. तिथं किराणा दुकानात, नाहीतर टपरीवर, पाण्याच्या बाटल्यांत पेट्रोल मिळतं. कायद्याने चालत नाही, सगळ्यांना माहीत आहे, आणि रात्री बाळंतीण न्यायची असेल तर दुसरा इलाजही नाही. दुकानदार पंपाच्या दरावर लिटरला दहा-पंधरा रुपये चढवतो, कारण तोही वीस किलोमीटरवरून गाडीवर कॅन बांधून आणतो. मनमाडच्या टँकरचं भाडं परभणीने भरलं, परभणीपासूनचं वाडीने. गेल्या पावसाळ्यात जिंतूरकडच्या एका वाडीत मी पाहिलं, दुकानात लिटरची बाटलीच नव्हती. सगळ्या क्वार्टरच्या, लेबलं काढलेल्या, ओळीने मांडलेल्या. दुकानदार म्हणाला, "साहेब, लिटर कोण घेतंय इथं? पन्नासात बसंल एवढंच भरून ठेवतो."